बत्तीस महिने : वुड्रो विल्सन आणि अमेरिकेची तटस्थता

शाळेत इतिहासाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न होता. अमेरिका पहिल्या महायुद्धात का उतरली? उत्तरही ठरलेलं. जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे जहाज बुडवलं, म्हणून. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. हे उत्तर मी इंग्रजीतून पाठ केलं, पूर्ण मार्क मिळवले आणि विसरून गेले. इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र एक दिवस तारखा शेजारी शेजारी मांडून बघितल्या. जहाज बुडालं ७ मे १९१५ ला. अमेरिकेने युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मध्ये तेवीस महिने! बटण दाबल्यावर दिवा तेवीस महिन्यांनी लागला, तर आपण म्हणू की सर्किटमध्ये आणखी बरंच काही आहे. तेच काय आहे ते शोधायला म्हणून मी त्या वेळच्या अमेरिकेच्या अध्यक्षांचं, वुड्रो विल्सन यांचं आयुष्य वाचायला घेतलं.

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या स्टॉन्टन गावचा. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. बालपण गेलं जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात, आणि तेही नेमकं अमेरिकेच्या यादवी युद्धात. वडिलांच्या चर्चचं तेव्हा जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटल झालं होतं. आपल्याकडे मुलं अंगणात विटीदांडू खेळतात त्या वयात या मुलाने कण्हणारी माणसं पाहिली, आणि पुढे हरलेल्या दक्षिणेची दशाही पाहिली. एक देश आतून फाटला की काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट वाचताही येत नव्हतं. पण पुढे हाच मुलगा प्रिन्स्टनचा पदवीधर झाला, थोडे दिवस वकिली करून कंटाळला आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८८६ मध्ये पीएच.डी. झाला. अमेरिकेचे आजपर्यंतचे हे एकमेव पीएच.डी. अध्यक्ष. (आमच्या स्टाफरूममध्ये हे वाचून नक्कीच बरं वाटेल!) मग प्राध्यापक, १९०२ पासून प्रिन्स्टनचे प्रमुख, १९११ मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर आणि ४ मार्च १९१३ ला थेट व्हाइट हाउस. परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव जवळजवळ शून्य. त्यांच्या डोक्यात होते देशातले प्रश्न : आयात कर, बँका, मोठमोठ्या मक्तेदार कंपन्या.

आणि १९१४ चा ऑगस्ट उजाडला. ४ ऑगस्टला ब्रिटन जर्मनीविरुद्ध युद्धात उतरलं, त्याच दिवशी विल्सन यांनी अमेरिकेची तटस्थता जाहीर केली. दोनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, त्यांची पत्नी एलेन वारली. घरात शोक आणि बाहेर जग पेटलेलं. अशा अवस्थेत त्यांनी देशबांधवांना विनंती केली की नुसतं वागण्यात नाही, तर विचारातसुद्धा कोणाची बाजू घेऊ नका.

ऐकायला हे भाबडं वाटतं. पण आकडे बघा. १९१० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या होती सुमारे ९ कोटी २० लाख. त्यातले साधारण एक तृतीयांश लोक एकतर परदेशात जन्मलेले होते किंवा त्यांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, परदेशात जन्मलेले होते. लाखो जर्मन वंशाचे. लाखो आयरिश, ज्यांना इंग्लंडचा राग. लाखो ज्यू, जे रशियाच्या झारच्या छळातून पळून आलेले. आणि झार तर ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने! म्हणजे कोणतीही एक बाजू घेतली की देशातलाच एक मोठा गट दुखावणार. एकाच विंगमध्ये दोन्ही टीमचे सपोर्टर राहत असतील तर रेक्टरने कोणाचा झेंडा लावायचा? यादवी युद्ध डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला ही भीती खरी वाटत होती.

दुसरं कारण सवयीचं. युरोपच्या भांडणात पडायचं नाही, हा जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळापासून चालत आलेला रिवाज होता. कॅन्सासच्या शेतकऱ्याला बेल्जियमची सीमा कुठे आहे याचं काय पडलेलं? त्यातून युद्ध पुकारायचा अधिकार अध्यक्षांचा नाही, संसदेचा, म्हणजे तिथल्या काँग्रेसचा. तिसरं कारण सर्वांत साधं : लढणार कशाने? १९१७ च्या एप्रिलमध्येसुद्धा अमेरिकेचं कायम सैन्य सव्वा लाखाच्या आसपासच होतं. युरोपात एकेका लढाईत याहून जास्त माणसं कामी येत होती.

पण तटस्थ राहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे मला या अभ्यासात कळलं. अमेरिका दोन्ही बाजूंना माल विकायला कायद्याने मोकळी होती. प्रत्यक्षात ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली आणि माल एकाच दिशेला वाहू लागला. ब्रिटन आणि त्याच्या मित्रदेशांना होणारी निर्यात १९१४ मध्ये सुमारे ८२ कोटी डॉलर होती, ती १९१६ मध्ये ३०० कोटींच्या वर गेली. जर्मनीकडची जवळजवळ आटली. सुरुवातीला विल्सन सरकारने युद्ध करणाऱ्या देशांना कर्ज द्यायलाही नापसंती दाखवली होती. पण गिऱ्हाइकाकडचे पैसे संपले की दुकान बंद पडतं. मग ती अट सैल झाली आणि १९१७ पर्यंत मित्रराष्ट्रांवर अमेरिकन कर्ज २०० कोटी डॉलरच्या वर चढलं. जर्मनीला मिळालेलं कर्ज तीन कोटीसुद्धा नव्हतं. कागदावर तराजू मध्यभागी, पण पारडं कधीच झुकलेलं होतं.

आता लुसिटानिया. हे ब्रिटिश प्रवासी जहाज १ मे १९१५ ला न्यूयॉर्कहून निघालं. पोटात प्रवाशांबरोबर काडतुसांच्या पेट्याही होत्या. आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि अवघ्या अठरा मिनिटांत ते बुडालं. जवळजवळ १२०० माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन. देश संतापला. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विल्सन यांना अक्षरशः भित्रा ठरवलं. विल्सन यांनी जर्मनीला खरमरीत खलिते पाठवले. तर त्यांचेच परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना ते खलिते फार कडक वाटले. ब्रिटनच्या नाकेबंदीला एक न्याय आणि जर्मन पाणबुडीला दुसरा, हे त्यांना पटेना. जून १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे एकाच कृतीसाठी एक माणूस भित्रा म्हणतोय आणि दुसरा युद्धखोर. विल्सन यांची अडचण याहून नेमकी सांगता येणार नाही.

मार्च १९१६ मध्ये ससेक्स या फ्रेंच जहाजावर हल्ला झाला, तेव्हा विल्सन यांनी निर्वाणीचा इशारा दिला : हे थांबवा, नाहीतर संबंध तोडतो. मे महिन्यात जर्मनीने माघार घेतली. मोठा विजय वाटला. पण नीट पाहिलं तर या इशाऱ्याने निर्णयाची किल्ली वॉशिंग्टनमधून बर्लिनला गेली. आता अमेरिकेने लढायचं की नाही, हे एखादा जर्मन सेनानी ठरवू शकत होता. नोव्हेंबर १९१६ ची निवडणूक विल्सन यांच्या पक्षाने लढवली ती त्यांनी देशाला युद्धाबाहेर ठेवलं या मुद्द्यावर, आणि ते कसेबसे निवडून आले. निर्णायक ठरलेल्या कॅलिफोर्नियात आघाडी चार हजारांहूनही कमी मतांची!

इकडे जर्मन आरमाराने हिशेब मांडला होता. महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका चिडून युद्धात आली, तरी तिला सैन्य उभारून युरोपात आणायला वर्ष लागेल, तोवर सगळं आटोपलेलं असेल. इथे मी वाचता वाचता थांबले. ज्या कारणाने अमेरिका युद्धाबाहेर होती, तिच्याकडे सैन्य नव्हतं, त्याच कारणाने जर्मनीला तिचा धाक उरला नाही. जो बचाव होता तोच आमंत्रण ठरला.

१ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्या पुन्हा मोकाट सुटल्या. विल्सन यांनी ३ तारखेला संबंध तोडले. तरीही युद्ध नाही! मग जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार उघडकीला आली. युद्ध झालंच तर मेक्सिकोने आपल्या बाजूने यावं, बदल्यात टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देऊ, असा तिचा मतलब होता. मार्चमध्ये अमेरिकन जहाजं बुडू लागली. त्याच महिन्यात रशियात झार गेला आणि लोकशाहीच्या नावाने लढायची मोठी अडचण दूर झाली. २ एप्रिलला विल्सन संसदेपुढे उभे राहिले. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५० मतं पडली. बत्तीस महिन्यांच्या उशिराने त्यांना काय मिळालं, तर हे आकडे. १९१५ च्या मेमध्ये असा कौल मिळाला असता असं मला वाटत नाही.

पुढचं युद्ध आपण जाणतोच. जर्मनीचा अमेरिकेबद्दलचा हिशेब बरोबर निघाला, ब्रिटनबद्दलचा चुकला. जहाजं ताफ्याने, युद्धनौकांच्या पहाऱ्यात जाऊ लागली आणि ब्रिटन टिकलं. १९१८ मध्ये वीस लाखांच्या घरात अमेरिकन सैनिक युरोपात पोचले आणि नोव्हेंबरमध्ये युद्ध संपलं. एक लाख सोळा हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक मेले, त्यातले निम्म्याहून अधिक आजाराने, मुख्यतः इन्फ्लुएंझाने.

विल्सन यांना देव्हाऱ्यात बसवायचं मात्र काही कारण नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले, त्याच वर्षी विल्सन सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली आणि विल्सन यांनी त्याचं समर्थन केलं. विचारातही तटस्थ राहा म्हणणाऱ्या याच माणसाच्या राजवटीत, युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. आणि त्यांच्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वावर आशा ठेवून लोकमान्य टिळकांनी लंडनहून त्यांना पत्र लिहिलं, तेव्हा भारताच्या पदरात काहीच पडलं नाही.

शेवट तर फारच चटका लावणारा आहे. राष्ट्रसंघ ही विल्सन यांची कल्पना. त्यासाठी ते देशभर भाषणं देत फिरले, आजारी पडले आणि २ ऑक्टोबर १९१९ ला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सिनेटमधल्या विरोधकांच्या काही दुरुस्त्या मान्य केल्या असत्या तर करार मंजूर होण्याची शक्यता होती. त्यांनी त्या मानल्या नाहीत. मार्च १९२० मध्ये करार सात मतांनी पडला. युद्धासाठी बत्तीस महिने लोकांची वाट पाहणारा माणूस शांततेसाठी मात्र थोडंही वाकायला तयार झाला नाही. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. ३ फेब्रुवारी १९२४ ला विल्सन गेले.

आजही कुठे युद्ध भडकलं आणि एखादा देश आपण तटस्थ आहोत म्हणाला, की आपण लगेच त्याला शहाणा नाहीतर भित्रा ठरवून मोकळे होतो. विल्सन वाचल्यापासून मी आधी तीन गोष्टी बघते. तो कोणाला काय विकतोय? त्याच्या घरात कोण कोण राहतं? आणि त्याच्या निर्णयाची किल्ली त्याच्याच खिशात आहे की दुसऱ्याच्या?