सतरा दिवसांचा राज्यकर्ता

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, हे आपल्या सगळ्यांना क्विझमुळे पाठ आहे. पण त्याआधी ७० वर्षं, १८२२ मध्ये, आपल्या शेजारच्या गोव्यातून दोन गोवेकर पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेले होते. त्यातले एक बर्नार्दो पेरेस द सिल्वा. गोव्यात हे नाव मोठं आहे. इथे हॉस्टेलमध्ये विचारलं तर बहुतेकांना वाटलं मी कुठल्या तरी फुटबॉलपटूबद्दल बोलतेय!

पेरेस १७७५ साली तिसवाडीतल्या नेवरा गावी जन्मले. ख्रिश्चन घराणं, पण अस्सल गोव्याच्या मातीतलं. त्या काळी गोव्यात वरच्या जागा लिस्बनहून आलेल्यांच्या, आणि सैन्यात अधिकारी बहुतेक इथेच स्थायिक झालेल्या पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबांतले. गोवेकर कितीही शिकला तरी एका पायरीवर अडायचा.

मग ऑगस्ट १८२० मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात क्रांती झाली. नेपोलियनच्या भीतीने राजा ब्राझीलला जाऊन बसला होता, आणि मागे लोक वैतागले होते. नवी संसद भरली. तिला म्हणायचे कोर्तेस. तिने राज्यघटना लिहायला घेतली आणि समुद्रापारच्या प्रांतांनाही प्रतिनिधी पाठवायला सांगितलं. ही बातमी गोव्यात पोचली आणि सप्टेंबर १८२१ मध्ये इथेही व्हाइसरॉयला खाली उतरवून कारभारासाठी एक मंडळ नेमलं गेलं. पुढच्या वर्षी निवडणूक झाली. गोव्याच्या वाट्याला ३ जागा होत्या. पेरेस, कोन्स्तांसियो रोक द कोस्ता, आणि तिसरे लिमा लैताव नावाचे पोर्तुगीज डॉक्टर. सर्वसामान्य कुळवाड्याला या निवडणुकीत काही आवाज होता असं समजू नका. तरीसुद्धा गोऱ्यांच्या राज्यात गोवेकर कायदे करायला निघाले, हे त्या काळात केवढं होतं!

आता गंमत बघा. आपण पनवेल स्टेशनवर रात्री कोकणकन्या पकडतो आणि सकाळी गोव्यात उतरतो. पेरेसना लिस्बनला जायचं होतं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जहाजातून. सुएझ कालवा झाला १८६९ मध्ये. महिनेच्या महिने समुद्रावर. तेवढ्यात तिकडे १८२३ च्या उन्हाळ्यात राजाने घटनाच रद्द केली आणि कोर्तेस बरखास्त! गोव्याचे प्रतिनिधी पोचले तेव्हा बसायला सभागृहच उरलं नव्हतं.

मी असते तर सरळ परतीचं जहाज पकडलं असतं. पेरेसनी तसं केलं नाही. १८२६ मध्ये नवी सनद आली, १८२७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. १८२८ मध्ये दों मिगेल गादीवर बसला, त्याने तीही संसद मोडली. उदारमतवाद्यांची धरपकड सुरू झाली तसे पेरेस निसटले, आधी इंग्लंड, मग ब्राझील. रिओमध्ये बसून त्यांनी काय लिहिलं? तर राज्यघटनेचे फायदे आणि ती टिकवायची कशी, यावर संवादाच्या रूपात एक पुस्तक. ते १८३२ मध्ये छापलं गेलं. ज्या घटनेने दोनदा दगा दिला तिच्यावरच! हा भाबडेपणा की चिवटपणा, यावर माझं आणि माझ्या रूममेटचं एकमत झालेलं नाही.

१८३४ मध्ये मिगेल हरला, आणि नव्या सरकारने पेरेसना गोव्याचे प्रीफेक्ट म्हणजे कारभाराचे प्रमुख नेमलं. १५१० ते १९६१ या ४५१ वर्षांत या जागेवर नेमले गेलेले ते एकमेव गोवेकर. १४ जानेवारी १८३५ ला त्यांनी सूत्रं हातात घेतली. १ फेब्रुवारीला लष्कराने बंड करून त्यांना हटवलं. जेमतेम सतरा दिवस! गोवेकराचे हुकूम पाळणं त्या अधिकाऱ्यांना झेपलं नाही, असं माझं मत. पेरेसकडे लिस्बनचा कागद होता, बंदुका समोरच्यांकडे होत्या.

त्यांना मुंबईला पाठवून देण्यात आलं. तिथे रोजेरियो द फारिया या गोवेकर व्यापाऱ्याने (चीनला अफू पाठवून श्रीमंत झालेला, हेही सांगायला हवं) पैसे ओतून जहाजं आणि माणसं उभी केली. मोहीम निघाली ती मे महिन्यात. कोकणात राहणाऱ्या कुणालाही विचारा, मे महिन्याच्या शेवटाला दर्याचा भरवसा नसतो. वादळात ताफा उधळला. फारियांचं पुढे दिवाळंच वाजलं.

सगळ्यात वाईट झालं ते मागे राहिलेल्यांचं. पणजीजवळच्या गास्पार दियस किल्ल्यात पेरेसच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली, किल्ला जाळला. तेरेखोल किल्ल्यातही तेच. तेरेखोल मी शाळेच्या सहलीत पाहिलाय, आमच्या सिंधुदुर्गातून जमिनीने थेट जाता येतं. आत चर्च आहे, खाली नदी समुद्राला मिळते. आम्ही भरपूर फोटो काढले. तिथे कुणाची मुंडकी उडवली होती हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

दमण आणि दीव मात्र पेरेसच्या बाजूने राहिले. तिथून ते १८३७ पर्यंत, लिस्बनने नवा गव्हर्नर पाठवेपर्यंत, कारभार बघत होते. नंतर ते पुन्हा निवडून जाऊन लिस्बनला गेले. त्याच संसदेत! १८४४ मध्ये तिथेच वारले. वय ६९.