कोसंबींचे तीन पेपर

प्रोजेक्टसाठी नेटवर बसलं की फुकटचे पेपर ढिगानं मिळतात. पण त्यातल्या कुठल्यावर विसंबायचं? दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं आयुष्य याबाबतीत बरंच शिकवून जातं. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते मुळात गणिती.

१९०७ मध्ये गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे गाढे पंडित. हार्वर्डची पदवी घेऊन दामोदर १९२९ मध्ये परतले आणि बनारस, मग अलीगढला शिकवू लागले. अलीगढला फ्रेंच गणिती आंद्रे वेल त्यांचे सहकारी होते. त्यांच्या सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एका पेपरात बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. असा माणूस जन्मालाच आला नव्हता! तरी अलाहाबादच्या संशोधनपत्रिकेत पेपर छापून आला.

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. तिथं असताना १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा दुसरा पेपर आला. वेड्यावाकड्या सिग्नलमधून मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढायची ही रीत आज इमेज कॉम्प्रेशनपासून टर्ब्युलन्सपर्यंत वापरली जाते. पण तेव्हा तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नंतर तेच काम करणाऱ्या करहुनेन आणि लोएव्ह यांचं नाव तिला चिकटलं.

तिसरा पेपर १९५९ चा. तेव्हा कोसंबी टी.आय.एफ.आर.मध्ये नावाजलेले प्राध्यापक होते. रीमान हायपोथेसिस सोडवल्याचा दावा त्यांनी चक्क शेती-संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये केला. सिद्धता टिकली नाही, नाचक्की झाली. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार वाढवला नाही. १९६६ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

माणूस एकच, पण एका पेपरात थट्टा, दुसऱ्यात सोनं, तिसऱ्यात चूक. म्हणजे नुसतं लेखकाचं किंवा जर्नलचं नाव बघून भागत नाही. दिलेले संदर्भ खरोखर आहेत का, त्या विषयातल्या जाणकारांनी पेपर तपासलाय का, पुढं कुणी ते काम वापरलं का, हे बघायलाच हवं. फी भरली की चार दिवसांत काहीही छापणारी जर्नल्स आज कमी नाहीत. पण फुकट म्हणजे टाकाऊ असंही नाही. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं इंजिनिअरिंगचं ‘साधना’ जर्नल त्यांच्या साइटवर मोफत वाचता येतं. तेव्हा रेफरन्स टाकण्याआधी पेपर उघडा आणि एकदा तरी वाचा!