मुंबई विद्यापीठाचे आद्य पदवीधर : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

१८६२ साली मुंबई विद्यापीठाने पहिले बी. ए. जाहीर केले, ते अवघे चार : रानडे, भांडारकर, वागळे व मोडक. पैकी भांडारकर हे ६ जुलै १८३७ रोजी मालवणास जन्मलेले, महसूल खात्यातील एका कारकुनाचे चिरंजीव. त्यांनीच पुढे १८९३ साली त्या विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांस डॉक्टरची पदवी दिली होती.

आमचा जन्म शाळेत गेला. त्यामुळे आम्हांस त्यांची सिंध-हैदराबाद व रत्नागिरी येथील हेडमास्तरकीच अधिक जवळची वाटते. मुलांसाठी त्यांनी रचिलेल्या संस्कृतच्या पहिल्या पुस्तकावरून आम्हीही धातू घोकले.

१८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. हे वृत्त गौरवपर लेखांत बहुधा एका ओळीत उरकतात. ज्ञातीच्या स्मरणिकेत तरी आम्हांस तसे करवत नाही. ज्यांस त्यांच्या पदव्यांचे भूषण वाटे, अशा ज्ञातिबांधवांनीच त्यांच्यावर बहिष्कार घातला. भांडारकर डळमळले नाहीत. व्याख्यानांत सुधारणा सांगणारे पुष्कळ होते. स्वतःच्या घरी ती आचरणारे थोडे.

१९१७ साली पुण्यास त्यांच्या नावे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. जन्मभर जमविलेला ग्रंथसंग्रह त्यांनी त्या संस्थेस दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते निवर्तले.