१९२० ची भंगार वाटणारी गाडी, ६८ वर्षांचा म्हातारा आणि आजही टिकून असलेला विक्रम

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हे नाव ऐकलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी भारतीय पठ्ठ्या असणार. पण इथं इंडियन म्हणजे माणूस नाही, मोटारसायकल आहे. इंडियन ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डची कंपनी. आणि गाडी पळवणारा होता न्यूझीलंडचा. नाव बर्ट मन्रो.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. घरची शेती, पण याचं मन वेगात. १९२० मध्ये त्यानं नवी कोरी इंडियन स्काऊट घेतली. ६०० सीसीचं इंजिन, वेग जास्तीत जास्त ताशी ८९ किलोमीटर. त्या काळी हा वेग काही कमी नव्हता, पण गड्याचं समाधान होईना. १९२६ पासून त्यानं गाडी खोलायला घेतली ती कायमचीच.

दिवसा मोटारसायकली विकायची नोकरी आणि रात्री गाडीवर काम असा त्याचा दिनक्रम. पैसे नव्हते, म्हणून पार्ट विकत आणायचा प्रश्नच नव्हता. जुन्या पत्र्याच्या डब्यांचा साचा करून तो पिस्टन ओतायचा. बिडाच्या जुन्या पाईपमधून सिलिंडर काढायचा. कनेक्टिंग रॉड तर ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलमधून हातानं घासून घडवलेले. आणि माप घ्यायला मायक्रोमीटर? चाकाचा जुना स्पोक!

एवढी उठाठेव कशासाठी, तर मूळ इंजिन साईड व्हॉल्व्हचं होतं. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे पेट्रोल आणि हवेला वळसा घालून आत जावं लागायचं. बर्टनं व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. आता इंजिनाला मोकळा श्वास घेता येऊ लागला. पण ताकद वाढली की ताण वाढतो. मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होणारा पिस्टन आणि रॉड जड असला तर तोच इंजिन फोडतो, आणि हलका करायला जास्त घासला तर स्वतःच तुटतो. या दोन्हींच्या मधला बिंदू सांगणारं पुस्तक त्याच्याकडं नव्हतं. तोडून बघायचं, एवढाच मार्ग.

आणि तुटलं तर किती! फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड त्यानं फेकून दिले नाहीत, शेडमधल्या फळीवर मांडून ठेवले आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची पाटी लावली. विनोद म्हणून ठीक आहे, पण खरा नैवेद्य त्या फळीवर नव्हता. १९२७ मध्ये त्याचं लग्न झालं, चार मुलं झाली, १९४७ मध्ये घटस्फोट. त्यानंतर नोकरीही सोडली आणि भाऊ गॅरेजमध्येच राहायला लागला. घरच्यांनी काय सोसलं असेल, हे सिनेमात फारसं दिसत नाही.

वेगाला मोठं मैदान लागतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात बोनव्हिलचं मिठाचं मैदान आहे, मैलोन्‌मैल सपाट. १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, बर्टनं तिथं ताशी २८८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. इंजिन आता ८५० सीसीचं झालं होतं. वर माशासारखं निमुळतं लाल कवच, कारण एवढ्या वेगात खरी लढाई वजनापेक्षा हवेशी असते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो.

१९६७ ची फेरी मात्र जिवावर बेतली होती. भर वेगात गाडी डगमगायला लागली. वेग कमी करायला बर्ट उठून बसला, तर वाऱ्यानं गॉगलच उडवून नेला. डोळ्यांना काही दिसेना. रस्ता दाखवणाऱ्या एका लोखंडी खुंटापासून गाडी थोडक्यात वाचली आणि शेवटी त्यानं ती आडवी पाडली. निभावलं थोड्या खरचटण्यावर.

त्याच वर्षी त्यानं ९५० सीसीच्या इंजिनावर १००० सीसीखालच्या गटात ताशी २९५.४५ किलोमीटरचा विक्रम केला. गाडी ४७ वर्षांची, स्वार ६८ वर्षांचा. पात्रता फेरीत तर एका दिशेनं ३०५.८९ किलोमीटरचा वेग नोंदला गेला, पण विक्रमासाठी येण्या-जाण्याच्या दोन फेऱ्यांची सरासरी धरतात.

छातीचं दुखणं जुनंच होतं. १९७५ मध्ये डॉक्टरांनी रेसिंग बंद करायला सांगितलं. गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यानं त्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ ला तो गेला. सिनेमा आला २००५ मध्ये, अँथनी हॉपकिन्सचा.

पण एक हिशेब राहिला होता. बर्टचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं की १९६७ च्या दोन फेऱ्यांची सरासरी काढताना गणित चुकलंय. त्यानं अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनला कळवलं. असोसिएशननं आकडे तपासले आणि २०१४ मध्ये, बर्ट जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, विक्रम दुरुस्त केला. आता तिथं ताशी २९६.२६ किलोमीटर अशी नोंद आहे.