टोल्किन : नॉर्स पुराकथा आणि एका बालसाहसकथेची जडणघडण

बालसाहित्याचा विचार करताना आपल्या अभ्यासक्षेत्रात एक सोयीची विभागणी बहुधा गृहीत धरली जाते. एखाद्या विद्वान ग्रंथकाराने मुलांसाठी काही लिहिले असेल, तर ते त्याच्या मुख्य कार्याचे उपांग, फावल्या वेळचा विरंगुळा किंवा फार तर वात्सल्याचा आविष्कार मानले जाते. चरित्रकार त्यावर परिच्छेदभर लिहितो आणि पुढे जातो. जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. १९३७ साली प्रसिद्ध झालेली ‘द हॉबिट’ ही त्यांची बालसाहसकथा त्यांच्या व्युत्पत्तिचर्चेच्या, पाठचिकित्सेच्या आणि अध्यापनाच्या पोटातूनच जन्माला आली. उत्तरेकडील नॉर्स पुराकथांनी त्यांना काय दिले आणि त्यातले काय त्यांनी नाकारले, या अंगाने त्यांच्या जीवनाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यांच्या अधिक प्रसिद्ध अशा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा विचार येथे हेतुतः बाजूला ठेवला आहे.

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत वडील आफ्रिकेत वारले. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात आईने मुलांना स्वतः शिकविले. १९०० मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, त्यामुळे नातेवाइकांचे साहाय्य आटले. १९०४ च्या नोव्हेंबरात मधुमेहाने तिचा अंत झाला, तेव्हा इन्शुलिनचा शोध लागायला अद्याप बराच अवकाश होता. बाराव्या वर्षी पोरक्या झालेल्या या मुलाचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंकडे आले.

याच बालपणात अँड्र्यू लँग यांच्या १८९० सालच्या ‘द रेड फेअरी बुक’मधील अखेरची कथा त्यांच्या वाचनात आली. ‘व्होल्सुंगा सागा’च्या विल्यम मॉरिसकृत अनुवादावरून संक्षिप्त केलेली ती सिगुर्डची कथा. फाफनिर हा मुळात मनुष्यरूपात वावरणारा. सोन्याच्या लोभाने तो बापाचा घात करतो, ड्रॅगन होतो आणि त्या सोन्यावर पसरून राहतो. सिगुर्ड त्याला मारतो, पण शापित सोने पुढे त्याच्याही मुळावर येते. मुलांसाठी सौम्य केलेल्या रूपातही ही कथा लहानग्या टोल्किनच्या मनात घर करून राहिली. सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी स्वतःच एका ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आईने ती वाचून कथानकाबद्दल काहीच म्हटले नाही. हिरवा हा शब्द आधी आणि प्रचंड हा नंतर असे इंग्रजीत चालत नाही, एवढेच तिने सांगितले. असे का, हा प्रश्न मुलाला पडला आणि साठीच्या उंबरठ्यावर पोहोचल्यानंतरही तो सुटलेला नव्हता, असे त्यांनी एका पत्रात नमूद केले आहे. गोष्ट विसरली गेली, विशेषणांचा क्रम मात्र लक्षात राहिला. व्याकरण शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग विशेष जवळचा वाटावा.

किंग एडवर्ड्स शाळेत असतानाच त्यांनी प्राचीन इंग्रजी आणि नॉर्स या भाषांचा अभ्यास सुरू केला आणि १९११ मध्ये शाळेच्या साहित्यमंडळापुढे नॉर्स सागांवर निबंध वाचला. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या एक्सटर महाविद्यालयात त्यांनी ग्रीक-लॅटिनसाठी प्रवेश घेतला. १९१३ च्या परीक्षेत दुसरा वर्ग मिळाल्यावर ते इंग्रजी भाषा-साहित्याकडे वळले आणि त्यात नॉर्स हा खास विषय घेतला. १९१४ मध्ये पाच पौंडांचे एक पारितोषिक मिळाले, त्यातून खरेदी केलेल्या पुस्तकांत मॉरिस यांचा ‘व्होल्सुंगा सागा’चा अनुवाद होता.

१९१५ मध्ये प्रथम वर्गात पदवी मिळाली, १९१६ च्या मार्चमध्ये एडिथ ब्रॅट यांच्याशी विवाह झाला आणि काही आठवड्यांतच ते फ्रान्समधील रणभूमीवर गेले. सोमच्या लढाईत ते संदेशवहन अधिकारी होते. शाळेतील चार जिवलग मित्रांचे एक मंडळ होते. त्यांपैकी रॉब गिल्सन लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै रोजी पडला, जी. बी. स्मिथ डिसेंबरात जखमांनी गेला. स्वतः टोल्किन खंदकज्वराने आजारी पडून नोव्हेंबरात इंग्लंडला परतले होते. चरित्रलेखक या अनुभवाचा संबंध पुढील महाकथेतील रणवर्णनांशी जोडतात, ते योग्यच आहे. परंतु ‘द हॉबिट’सारख्या मुलांच्या पुस्तकाचा शेवट असा का, या प्रश्नाकडे जातानाही हे दोन मृत्यू ध्यानात ठेवावे लागतात.

युद्धानंतर १९१९–२० मध्ये ते ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या कार्यालयात शब्दव्युत्पत्तीचे काम करीत होते. त्यांच्याकडे आलेल्या शब्दांत ‘वॉलरस’ हा एक होता. नॉर्स, डच आणि प्राचीन इंग्रजी यांत घोटाळणाऱ्या या शब्दाच्या व्युत्पत्तीची टिपणे त्यांनी पुन्हापुन्हा लिहून पाहिली. १९२० पासून लीड्स विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी ई. व्ही. गॉर्डन यांच्यासह विद्यार्थ्यांचे व्हायकिंग मंडळ चालविले. तेथे बिअर पीत सागा वाचल्या जात आणि जुन्या भाषांत रचलेली विनोदी गाणी गायिली जात. १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी सहकाऱ्यांसाठी ‘कोलबीटार’ नावाचे वाचनमंडळ काढले. हिवाळ्यात शेकोटीला इतके खेटून बसणारे की निखारेच चावावेत, असा त्या आइसलँडिक शब्दाचा अर्थ. मंडळाने मूळ भाषेतून सागा वाचल्या आणि अखेरीस ‘एडा’ वाचली. सी. एस. लुईस यांच्याशी स्नेह वाढला तो याच वाचनांतून.

येथे या वाङ्मयाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. नॉर्स देवकथा आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः दोन ग्रंथांतून. आइसलँडचा स्नोरी स्टुर्लुसोन याने १२२० च्या सुमारास सिद्ध केलेली गद्य ‘एडा’ हा एक, आणि १२७० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या हस्तलिखितातून मिळालेली पद्य ‘एडा’ हा दुसरा. पद्य एडेतील ‘व्होलुस्पा’ या पहिल्या काव्यात एक द्रष्टी स्त्री विश्वाच्या उत्पत्तीपासून त्याच्या अंतापर्यंतची हकीकत सांगते. या देवांचे वैशिष्ट्य असे की अंतिम युद्धात ते हरणार आहेत, हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही ते लढायला उभे राहतात. या काव्याच्या मध्येच बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक यादी येते. अनेक संपादकांना ती प्रक्षिप्त वाटते, कथाप्रवाहात तिचे काही काम नाही. आपल्या पुराणांतील वंशावळींप्रमाणे वाचक ती ओलांडून पुढे जातो.

टोल्किन तेथे थांबले. थोरिन, ड्वालिन, बिफुर, बोम्बुर, फिली, किली, थ्राइन, दुरिन ही ‘द हॉबिट’मधील बुटक्यांची नावे त्या यादीतली आहेत. ‘ओकच्या ढालीचा’ अशा अर्थाचे तेथील एक स्वतंत्र नाव त्यांनी थोरिनचे उपनाम केले. सर्वांत बोलके उदाहरण गँडाल्फचे. यादीत तो बुटका आहे, पण नावाची फोड केली तर काठी किंवा जादूची कांडी आणि एल्फ असे दोन घटक हाती लागतात. पहिल्या खर्ड्यात टोल्किन यांनी हे नाव बुटक्यांच्या नायकालाच दिले होते आणि जादूगाराचे नाव वेगळे होते. पुढे नाव जादूगाराकडे गेले आणि त्याच्या हातात काठी असण्याला अर्थ आला. वेश पालटून, रुंद काठाची टोपी घालून भटकणारा ओडिन हा देव या व्यक्तिरेखेमागे आहे, हे टोल्किन यांनीही १९४६ च्या एका पत्रात सूचित केले आहे. मात्र ओडिनचा कपटीपणा आणि त्याचे रक्तपिपासू रूप गँडाल्फमध्ये नाही. स्वीकाराइतकाच हा त्याग महत्त्वाचा, असे मला वाटते.

१९३० च्या सुमारास, ऑक्सफर्डच्या नॉर्थमूर रोडवरील घरी, मिळकतीत भर घालण्यासाठी ते शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एका विद्यार्थ्याने एक पान कोरे सोडले होते. त्यावर त्यांनी जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयीचे एक वाक्य लिहिले. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांनाही तेव्हा माहीत नव्हते. (उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत उन्हाळे घालविणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना त्या कोऱ्या पानाने किती समाधान दिले असेल, हे सांगायला नको.) पुढे ही गोष्ट घरातल्या मुलांना संध्याकाळी सांगितली जाऊ लागली. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर चार-पाच वर्षांचा असताना मध्येच हरकत घेई : मागच्या वेळी बिल्बोचे दार निळे सांगितले होते, थोरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, आज तो रुपेरी कसा? वडील पुटपुटत उठत आणि टेबलाशी जाऊन नोंद करीत.

कथेतील प्रसंगांचे मूळ शोधू लागल्यास पानोपानी जुनी ओळख पटते. सूर्योदयापर्यंत बोलण्यात गुंतवून ट्रोल राक्षसांना दगड करण्याची युक्ती एडेतील ‘अल्विसमाल’मध्ये थोर देवाने एका बुटक्याविरुद्ध वापरली आहे. अस्वलाचे रूप घेणाऱ्या ब्योर्नमागे ह्रोल्फ क्राकीच्या सागेतील बोडवार ब्यार्की दिसतो. मिर्कवूड हे अरण्याचे नाव एडाकाव्यांतलेच आहे. ड्रॅगनपुढे आपले नाव न सांगता बिल्बो कोड्यात बोलतो, कारण मरत्या फाफनिरपुढे सिगुर्डही प्रथम नाव लपवितो. गोलमशी होणाऱ्या कोड्यांच्या पैजेत प्राण पणाला लागलेले आहेत. आपल्याला येथे यक्षप्रश्न आठवतात. तथापि नॉर्स परंपरेत या पैजेचा शेवट विलक्षण आहे : ओडिन असा प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक असणे शक्य नाही. मृत बाल्डरच्या कानात ओडिन काय कुजबुजला? बिल्बोचा अखेरचा प्रश्न, आपल्या खिशात काय आहे हा, त्याच जातीचा आणि तितकाच नियमबाह्य. विश्वरहस्याच्या जागी खिसा आला, यात टोल्किन यांची बालवाचकाविषयीची जाण दिसते. १९३८ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’मध्ये आलेल्या पत्रात बुटक्यांची आणि जादूगाराची नावे एडेतून घेतल्याचे त्यांनी मान्य केले. प्राचीन इंग्रजी ‘बेओवुल्फ’ काव्याचेही ऋण सांगितले, मात्र लिहिताना ते जाणीवपूर्वक समोर नव्हते, असे स्पष्ट केले.

परंतु ऋणनिर्देशाची यादी केली म्हणजे काम संपत नाही. ‘द हॉबिट’ प्रकाशकाच्या हाती आली तो काळ आणि टोल्किन यांनी ब्रिटिश अकादमीत ‘बेओवुल्फ’वर दिलेल्या व्याख्यानाचा काळ एकच आहे. १९३६ च्या ऑक्टोबर अखेरीस प्रकाशक अनविन यांच्या दहा वर्षांच्या मुलाने, रेनरने, हस्तलिखित वाचून अनुकूल अभिप्राय दिला आणि एक शिलिंग मेहनताना मिळविला. २५ नोव्हेंबरला ते व्याख्यान झाले. उत्तरेकडील कल्पनाशक्तीचे मोठेपण कशात आहे, याचे विवेचन त्यात होते. तेथे राक्षसांच्या बाजूला अखेर जय मिळतो, पण त्यामुळे देवांची आणि वीरांची बाजू चुकीची ठरत नाही, असा त्याचा आशय होता. हे विधान विद्वत्सभेत करणे वेगळे आणि दहा वर्षांच्या वाचकाच्या गळी उतरविणे वेगळे. रूढ साहसकथेत नायक ड्रॅगन मारतो, खजिना आणतो आणि सोबती सुखरूप परततात. येथे ड्रॅगनला दुसराच कोणी मारतो. सोन्याचा लोभ फाफनिरप्रमाणेच थोरिनला ग्रासतो आणि तो मित्राला हाकलून देतो. युद्धात थोरिन मरतो, त्याचे तरुण भाचे फिली आणि किली त्याच्या रक्षणार्थ पडतात. नायक मात्र डोक्याला दगड लागून बेशुद्ध आहे. बिल्बोचे खरे साहस म्हणजे हाती आलेले अमूल्य रत्न शांततेसाठी शत्रुपक्षाला देऊन टाकणे. सिगुर्डच्या कथेत असे करणारा कोणी नाही. मरताना थोरिन पश्चात्ताप व्यक्त करतो, आणि बिल्बो एकटा बसून रडतो. बालपणी आईवडील आणि तारुण्यात मित्र गमावलेल्या लेखकाने मुलांपासून मृत्यू लपविला नाही. त्याचबरोबर विनाशातच कृतार्थता मानणारा नॉर्स अभिमानही त्याने जसाच्या तसा घेतला नाही.

पुस्तक २१ सप्टेंबर १९३७ रोजी निघाले. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या. त्याच सुमारास जर्मनीत याच पुराकथा वेगळ्या कामाला जुंपल्या जात होत्या. १९३८ च्या जुलैमध्ये अनुवाद काढू इच्छिणाऱ्या एका जर्मन प्रकाशकाने, लेखक आर्य वंशाचा आहे काय, अशी विचारणा केली. टोल्किन यांनी उत्तराचे दोन खर्डे केले आणि निवड इंग्रज प्रकाशकावर सोपविली. उपलब्ध खर्ड्यातील युक्तिवाद भाषाशास्त्रज्ञाचा आहे : आर्य म्हणजे भारत-इराणी, आणि आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी वा तत्सम भाषा बोलल्याचे आपल्याला माहीत नाही. विचारणा ज्यूंविषयी असेल, तर त्या गुणी समाजातील पूर्वज आपल्याला लाभले नाहीत, याचा खेद आहे. मराठीच्या अभ्यासकाने हा खर्डा अवश्य वाचावा, कारण ज्या शब्दावर आपल्या भाषेचेही कूळ सांगितले जाते, त्याची शास्त्रीय मर्यादा त्यात काटेकोरपणे राखली आहे. १९४१ मध्ये मुलगा मायकेल याला लिहिलेल्या पत्रात, आपण आयुष्यभर ज्या उत्तरेकडील वारशावर प्रेम केले तो हिटलरने कायमचा कलंकित केला, असा व्यक्तिगत संताप त्यांनी प्रकट केला. ‘द हॉबिट’चा जर्मन अनुवाद निघाला तो १९५७ मध्ये.

स्वतःच्या पुस्तकाबद्दल ते समाधानी नव्हते. १९३९ च्या मार्चमध्ये सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर व्याख्यान देताना, अशा कथांचा वाचक म्हणजे मूलच असे समजणे चूक आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. व्याख्यानमाला अँड्र्यू लँग यांच्याच नावाची होती, हा योगायोग लक्षणीय आहे. ‘द हॉबिट’मधील निवेदक मध्येमध्ये थांबून बालवाचकाशी थोडे खाली वाकून बोलतो, याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. १९५१ च्या आवृत्तीत गोलमचे प्रकरण बदलले, आणि १९६० मध्ये सगळे पुस्तकच गंभीर शैलीत पुन्हा लिहायला घेतले. काही प्रकरणांनंतर ते सोडून दिले, हे बरेच झाले. तो निवेदक नसता तर थोरिनचा मृत्यू इतका अनपेक्षित वाटला नसता.

एडिथ १९७१ मध्ये वारल्या. २ सप्टेंबर १९७३ रोजी बोर्नमथ येथे टोल्किन यांचे निधन झाले. सिगुर्ड आणि गुड्रून यांच्या कथेवर, एडेच्या छंदात इंग्रजीत रचलेली त्यांची दीर्घकाव्ये कागदपत्रांत पडून होती. ती २००९ मध्ये संपादून प्रसिद्ध केली ख्रिस्तोफर यांनी, ज्यांनी लहानपणी गोंड्याच्या रंगावर हरकत घेतली होती.