बर्फावरून पाऊस

आपल्या हळर्ण गावात बर्फ कधी पडला नाही, पडण्याचा संभवही नाही. परंतु मृग कोरडा जाऊ लागला म्हणजे आपल्या शेतकऱ्याचे डोळे ज्या आभाळाकडे लागतात, त्या आभाळाचा हिमालयातील बर्फाशी संबंध असावा, हा विचार शास्त्रीय रीतीने मांडणाऱ्या हेन्री ब्लॅनफर्ड ह्या इंग्रज संशोधकाचे चरित्र म्हणूनच आपणांस परके वाटू नये.

ब्लॅनफर्ड ह्यांचा जन्म १८३४ साली लंडन येथे झाला. १८५५ साली थोरले बंधू विल्यम ह्यांच्यासह ते भूगर्भ खात्यातील नोकरीसाठी कलकत्त्यास आले. ओरिसातील तालचेर येथे कोळशाचा शोध चालू असता, बारीक मातीच्या थरांत रुतलेले मोठमोठे धोंडे त्यांच्या दृष्टीस पडले. हे धोंडे पुरातन काळी बर्फाने वाहून आणले असावेत, असे अनुमान त्या तरुण मंडळींनी काढले. ओरिसाच्या उन्हात उभे राहून बर्फाची कल्पना करावयाची, ह्याला धाडसच पाहिजे! ते अनुमान पुढे खरे ठरले.

प्रकृतीच्या कारणाने खाते सोडून १८६२ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. दोनच वर्षांनी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर प्रचंड वादळ कोसळले. समुद्राचे पाणी हुगळीतून आत घुसले आणि सुमारे साठ हजार माणसे दगावली. ह्या वादळाची साद्यंत हकीकत जुळविण्याचे काम ब्लॅनफर्ड ह्यांच्याकडे आले, आणि खडकांचा अभ्यासक वाऱ्याचा अभ्यासक बनला. १८७५ साली सर्व हिंदुस्थानचे हवामान खाते त्यांच्या हाती सोपविण्यात आले.

लगेच १८७६ चा दुष्काळ आला. सोलापूर, सातारा, नगर ह्या भागांपासून मद्रासपर्यंत लाखो माणसे अन्नावाचून मेली. पावसाची चाहूल आधी लागली तर धान्याची तजवीज करता येईल, ह्या हेतूने सरकारने ब्लॅनफर्ड ह्यांस विचारणा केली. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे हिमालयावर बर्फ टाकतात. हा बर्फ फार साचला, की वसंतातील उष्णता तो वितळविण्यातच खर्ची पडते, भूमी उशिरा तापते, आणि मैदानावर कोरडे वारे वाहत राहून समुद्रावरील पाऊसवारे आत ओढले जात नाहीत, असा सिद्धान्त त्यांनी १८८४ साली प्रसिद्ध केला.

सिद्धान्त सुबक होता, पण बर्फ मोजावयाचा कसा? उंच खिंडींत मापकयंत्रे नव्हती. डोंगराळ मुलखातील अधिकारी डोळ्यांनी पाहून यंदाचा बर्फ अधिक की उणा एवढेच कळवीत. शिवाय येणारे वादळ किती बर्फ टाकील हे कोणासही आधी सांगता येत नसे, आणि वसंताच्या अखेरीस आलेले एखादे वादळ सारा हिशेब उलटवी. ब्लॅनफर्ड ह्यांस हे पुरते ठाऊक होते. म्हणून १८८२ पासून काही वर्षे त्यांनी केवळ प्रायोगिक अंदाज केले. ते बऱ्याच अंशी जुळले, तेव्हाच ४ जून १८८६ रोजी पावसाचा पहिला नियमित अंदाज निघाला. मला स्वतःला त्यांच्या कल्पनेपेक्षा ह्या सबुरीचेच कौतुक अधिक वाटते. उपाशी माणसांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असता घाई न करणे सोपे नसते.

निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले व १८९३ साली फोकस्टन येथे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या जागी आलेल्या जॉन एलियट ह्यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आणि त्याच वर्षी पश्चिम व मध्य हिंदुस्थानात भीषण अवर्षण पडले. बर्फ सर्व काही सांगत नाही, हे तेव्हा सर्वांस कळले. पुढे गिल्बर्ट वॉकर ह्यांनी मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील हवेच्या दाबाचे आकडे हिशेबात घेतले. परंतु त्या आकड्यांच्या रांगेत हिमालयातील बर्फाचे स्थान त्यांनीही राखून ठेवले.