एका गाडग्याचा संसार

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, मोर्शी-वरुडचा मुलूख आहे. संत्र्यांच्या बागांनी तो हिरवागार दिसतो. तेथून पश्चिमेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरत जावे, तो बागा मागे पडतात आणि काळ्याभोर जमिनीवर दूरवर कपाशी दिसू लागते. या खोऱ्यातील शेंडगाव नावाच्या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी मुलगा जन्मास आला. झिंगराजी आणि सखुबाई या त्याच्या आईबापांनी त्याचे नाव डेबूजी ठेवले.

घरची स्थिती बेताची होती, तरी अगदीच वाईट म्हणावी अशी नव्हती. वाईट होती ती चाल. सणावाराला व नवसाला बकरे कापावे, जातभाईंना जेवू घालावे, दारू पाजावी आणि त्यासाठी हात पसरून कर्ज काढावे, अशी रीत घरोघर चालत आली होती. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. त्यातच प्रकृती ढासळून १८८४ साली ते वारले. आठ वर्षांच्या डेबूजीला घेऊन सखुबाई माहेरी, मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी, आल्या.

आजोळी शेती होती, गुरे होती. डेबूजी गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेत तो कधी गेलाच नाही. पहाटे उठून गोठा झाडावा, शेण काढावे, मग शेतावर जावे, असा त्याचा क्रम असे. हाती घेतलेले काम नेटके करण्याची सवय त्याला तेथेच लागली.

त्या काळच्या वऱ्हाडची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शेतकऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि लग्नकार्यांचा थाट वाढला. युद्ध संपताच भाव उतरले. वाढलेले खर्च मात्र उतरले नाहीत. ती तूट सावकाराच्या वहीतून भरून निघू लागली. डेबूजीचे मामा चंद्रभान हेही असेच कर्जात सापडले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पैसे भरावेत, पावती मागू नये, आणि कागदावर अंगठा उठवावा, असे वर्षानुवर्षे चालले. अखेर जमीन गेली. त्या धक्क्याने घरातील कर्ती माणसे खचली आणि काही काळाने मामाही निवर्तले. घराचा भार तरुण डेबूजीवर आला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तो औत सोडून हलला नाही. धाक दाखवूनही तो नमला नाही, हे पाहून गावाला त्याचे मोठे नवल वाटले.

१८९२ साली डेबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले होते. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाई जमले. पंगतीला मटण आणि दारू असणार, अशी त्यांची खात्री होती. परंतु पानावर पडले ते गोडाचे जेवण! मंडळी रुसली, कुरकुरली. डेबूजी मात्र शांतपणे वाढीत राहिला. ऋण काढून सण करणार नाही, हा त्याचा निश्चय त्या दिवशी सर्वांना कळला. अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसांचा रोष पत्करणे हे सावकारापुढे उभे राहण्यापेक्षाही कठीण असते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि मातीचे एक भांडे. पुढची बारा वर्षे तो गावोगाव हिंडला. हाच डेबूजी पुढे महाराष्ट्राचा गाडगेबाबा झाला.

लहानशा मडक्याला वऱ्हाडात गाडगे म्हणतात. मोर्शीच्या बाजारात काय किंवा दर्यापूरच्या बाजारात काय, याहून स्वस्त भांडे मिळावयाचे नाही. बाबा त्याच गाडग्यात भाकरी घेत, त्यातूनच पाणी पीत, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालीत. अंगरखा चिंध्या जोडून केलेला. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. कोठे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, कोठे चिंधेबुवा.

गावात शिरले की बाबा कोणाच्या ओसरीवर बसत नसत. हातातील खराट्याने रस्ते झाडू लागत, गटारे मोकळी करीत. कोणाकडे भाकरी मागावयाची झाली तर आधी काही काम सांगा म्हणत. लाकडे फोडून द्यावीत आणि मग शिळी भाकरी व चटणी गाडग्यात घ्यावी. फुकट खाणे त्यांना चोरीसारखे वाटे. रात्री कीर्तन होई. ते कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी साध्या वऱ्हाडी बोलीत चाललेली प्रश्नोत्तरेच असत. बाबा विचारीत, लोक उत्तर देत आणि देता देता आपल्याच चुकीला हसत. कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, शिवाशीव पाळू नका, असे ते सांगत. जेवणाचे ताट विकावे लागले तर भाकरी हातावर घेऊन खावी, लुगडे हलक्या किमतीचे घ्यावे, व्याह्याचा पाहुणचार टाळावा. पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः अक्षरशत्रू राहिल्याने घराचे काय झाले, हे त्यांनी दापुऱ्यास पाहिले होते.

यावरून बाबा पैशाला भीत होते, असे कोणी समजू नये. पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. नदीच्या निसरड्या, चिखलाच्या उतारावर यात्रेकरूंचे, विशेषतः बायकामुलांचे, फार हाल होत. बाबा प्रथम स्वतः तेथे उभे राहून लोकांना हात देत. पुढे लोकांकडून वर्गणी आणि श्रम मिळवून १९०८ साली त्यांनी तेथे घाट बांधविला. मग कामांची रांगच लागली. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुर्तिजापुरास गोरक्षण झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात दूरच्या गावांहून येणाऱ्या रोग्यांचे नातेवाईक पदपथावर झोपत. त्यांच्यासाठी १९५४ साली निवारा झाला. या कामांवर लाखो रुपये खर्च झाले. कंजूष माणूस स्वतःसाठी जपतो. बाबा स्वतःवर पैसा खर्च करीत नसत आणि दुसऱ्यासाठी तो मागताना संकोचत नसत. देणगी आली की ती हातात न घेता कामाच्या कारभाऱ्याकडे देण्यास सांगत.

या साधेपणाची झळ घरच्यांनाही लागली. सखुबाई आणि कुंताबाई ऋणमोचनास झोपडीत राहत. ज्यांच्या शब्दावर दगडी धर्मशाळा उभ्या राहत, त्यांच्या आईने व पत्नीने कुडाच्या घरात दिवस काढावेत, हे पुष्कळांना खटके. हा निर्णय कठोर होता, यात शंका नाही. आणि तो सोसताना त्या दोघींना काय वाटले असेल, याचाही विचार वाचणाऱ्याने केला पाहिजे. परंतु लोकांनी गरिबांसाठी दिलेल्या पैशाने स्वतःच्या माणसांना सुख द्यावयाचे नाही, ही रेघ बाबांनी एकदा आखली ती कधी पुसली नाही. धर्मशाळा व इतर संस्था त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. संस्थांचा कारभार पुढे चालावा म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

वय झाले, प्रकृती थकली, तरी भ्रमंती थांबली नाही. पायांवर डोके ठेवावयास कोणी आला तर बाबा पूर्वीसारखेच पळत. आपल्यामागे आपली मूर्ती करू नये, स्मारक बांधू नये, असे ते जवळच्यांना बजावून सांगत. १९५६ च्या डिसेंबरात दुखणे वाढले. त्यांना मोटारीने अमरावतीस नेत असता वाटेत वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, २० डिसेंबर रोजी त्यांचे प्राण गेले. अमरावतीस त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागली होती. लाखो रुपयांची कामे करून गेलेल्या या माणसाच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते.